धनुष्यानं टर्की: अमेरिकेत गेलेल्या आपल्या बेळगावच्या पोरांसाठी

मार्च संपत आला की मला मेसेज सुरू होतात. तिळकवाडीचा कोण, निपाणीचा कोण, खानापूर साइडचा एखादा, सगळे तिकडं एमएस करायला नाहीतर नोकरीला गेलेले, ऑफिसातला कोण गोरा दोस्त म्हणालाय चल टर्कीला, म्हणजे रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला, तर काका काय काय घ्यायचं आणि धनुष्यानं जमतंय काय. जमतंय की. मी अपस्टेट न्यूयॉर्कला, म्हणजे शहर सोडून राज्याच्या वरच्या भागात, बरीच वर्षं काढून आता अनगोळला परत येऊन बसलोय, तर प्रत्येकाला वेगळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. माळकऱ्यांनी इथूनच रजा घेतली तरी राग नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट करून घ्या. बंदूकवाल्याला पक्षी टप्प्यात यायची वाट बघायची असते, नळी आधीच गुडघ्यावर रोखलेली असते, बोट दाबलं की झालं. धनुष्यवाल्याचं काम पक्षी टप्प्यात आल्यावर सुरू होतंय. पंधरा यार्डावर तो उभा असताना त्याच्या डोळ्यांदेखत दोर मागं ओढायचा, आणि टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळं मान न वळवता त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतंय, रंगसुद्धा दिसतात, आणि हलणारी वस्तू तर आधी दिसते. वास मात्र त्याला फारसा येत नाही, म्हणून हरणवाल्यांसारखं वाऱ्याचं टेन्शन नको. सगळा खेळ त्या ओढायच्या दोन-तीन सेकंदांचा. लपायचा तंबू कुठं लावायचा, डिकॉय म्हणजे नकली पक्षी कुठल्या तोंडानं ठेवायचा, शर्ट कुठल्या रंगाचा, स्टूल कुठलं, हे सगळं त्या दोन-तीन सेकंदांसाठीच करायचं असतंय. जे त्याला उपयोगी नाही ते दुकानातच राहू द्यायचं.

आणि सुट्टीला इकडं आल्यावर हे डोक्यात नको. जांबोटीच्या रस्त्याला रानकोंबडा दिसतो, येळ्ळूरच्या शिवारात मोर फिरतात, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं इकडं शिकार बंद म्हणजे बंद, मोर तर शेड्यूल एकमध्ये, तीन ते सात वर्षं आत. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यच आहे, तिथं धनुष्य घेऊन फिरताना सापडलास तर "मी अमेरिकेत लायसन्स काढलंय साहेब" हे कोण ऐकणार. इकडं फक्त टार्गेटवर बाण मारायचे आणि दुर्बीण घेऊन बसायचं. बसायचं मात्र खरंच, त्याचं पुढं सांगतो.

आता कागदपत्रं, कारण व्हिसावाल्यांचा पहिला घोळ इथंच होतो. एफ-वन (शिकायचा), एच-वन-बी (नोकरीचा) म्हणजे नॉनइमिग्रंट, कायमचा नसलेल्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्यानं बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायला बंदी आहे, त्यात एक सूट म्हणजे हातात चालू हंटिंग लायसन्स पाहिजे. धनुष्य त्या कायद्यात बंदूक धरत नाहीत. म्हणून आपली बरीच पोरं धनुष्याकडं वळतात, आणि ते बरंच आहे. पण याचा अर्थ धनुष्य होस्टेलच्या खोलीत ठेवायचं असा काढू नका, कॅम्पसवर बऱ्याच युनिव्हर्सिट्या धनुष्यालाही हत्यारातच धरतात, आधी नियम वाचायचा नाहीतर मित्राच्या गॅरेजमध्ये ठेवायचं.

लायसन्सच्या आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स. काही राज्यांत धनुष्याचा वेगळा कोर्स पण असतो. मग हंटिंग लायसन्स, त्यावर टर्कीचं वेगळं परमिट नाहीतर टॅग, म्हणजे मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी. रेसिडेंटचा दर कमी, नॉनरेसिडेंटचा चांगलाच जास्त, आणि रेसिडेंट कोण हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतंय, कुठं ३० दिवस राहिलास तरी चालतंय, कुठं ६ महिने लागतात. आपण नेमके कुठल्या राज्याचे हा प्रश्न बेळगावच्या माणसाला नवीन नाही, पण तिकडं उत्तर एका फॉर्मवर आणि दहा मिनिटांत मिळतंय हे बघून जरा वाईटच वाटतंय. न्यूयॉर्कच्या अपस्टेट भागाचं उदाहरण घ्यायचं तर स्प्रिंग सीझन १ ते ३१ मे, सूर्योदयाच्या आधी अर्धा तास ते दुपारी बारा, सीझनला दोन दाढीवाले पक्षी, दिवसाला एकच. दुसऱ्या राज्यांत तारखा, वेळा, धनुष्याची कमीत कमी ताकद, डिकॉय मोटारवर हलणारा चालतो का नाही, सगळं वेगळं. त्या वर्षीचं गाईड डाउनलोड करून वाचायचं, गोऱ्या दोस्ताच्या तोंडी माहितीवर राहायचं नाही, तो लहानपणापासून जातोय म्हणून त्याला यंदाचे नियम माहीत असतात असं काय नाही. आणि आपल्याकडं मोराला दाणे टाकतात तसं मका टाकून टर्कीला बोलवायचं हे बहुतेक राज्यांत बेकायदेशीर आहे.

दाढीवाला म्हणजे काय ते सांगतो. नराच्या छातीतून काळ्या राठ केसांसारखा झुपका लोंबतो, ती दाढी, तिकडं बिअर्ड. मोठा नर तो टॉम किंवा गॉबलर, आठ-दहा किलोचा धूड. वर्षाचा पोरगेला नर तो जेक, त्याची दाढी बोटभर, आणि शेपटीचा पंखा फुलवला की मधली पिसं बाजूच्या पिसांपेक्षा वर आलेली दिसतात, मोठ्या टॉमचा पंखा गोल सारखा असतो. मादी ती हेन. क्वचित एखाद्या हेनलाही दाढी येते, म्हणून कायद्यात बऱ्याच ठिकाणी नर न लिहिता दाढीवाला पक्षी लिहिलंय. कायद्यात बसली तरी ती सोडायची. एप्रिल-मे म्हणजे तिचे अंडी घालायचे दिवस.

टर्कीचे प्रकार भागाप्रमाणं वेगळे. डॅलस-ऑस्टिनवाल्यांना भेटेल तो रिओ ग्रांडे, पूर्वेकडं आणि मिडवेस्टला ईस्टर्न, पश्चिमेच्या डोंगरात मेरियम्स, फ्लोरिडात ऑसिओला. ईस्टर्न बिचकट. बाकी पद्धत तीच. हा पक्षी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडं जवळजवळ संपला होता, मग जाळी टाकून जिवंत पकडून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन सोडले तेव्हा परत वाढला. बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्सचा पैसा १९३७ च्या कायद्यानं वन्यजीव खात्यांकडं वळवला, पुढं धनुष्य पण त्यात घेतलं, ११ टक्के. तू धनुष्य घेतलंस की त्यात तुझेही आले.

धनुष्य ऑनलाइन मागवू नका. दुकानात जाऊन ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोर किती मागं ओढतोस ते माप, मोजून घ्यायची, कुठला डोळा जोरात आहे ते बघून उजवं-डावं ठरवायचं. नवशिक्याला कंपाउंड बरं, साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले ते कंपाउंडवरच. कंपाउंड धनुष्याला चाकं असतात, त्यामुळं पूर्ण ओढल्यावर वजन एकदम हलकं होतंय, ५० पौंडाचं धनुष्य असलं तर हातात दहा-बारा पौंडच राहतात, आणि टर्कीला कधी कधी ओढून धरून मिनिटभर थांबायला लागतंय म्हणून हे फार उपयोगी. ताकद ४५-५० पौंड भरपूर झाली. दुकानातलं पोरगं ७० विकायला बघेल, घेऊ नको. टेस्ट अशी घ्यायची, स्टुलावर बसायचं, धनुष्य समोर सरळ धरायचं आणि आभाळाकडं न उचलता, खांदा न झटकता, हळू हळू मागं ओढायचं. उचलायला लागतंय म्हणजे जड आहे, पाच पौंड कमी कर. बाण न लावता दोर सोडायचा नाही कधीच, लिंब म्हणजे धनुष्याचा वाकणारा हात फुटतो, आपल्या हाताला लागतंय ते वेगळं.

बाणाचं पुढचं पातं म्हणजे ब्रॉडहेड. टर्कीला रुंद कापणारं घ्यायचं, दीड ते दोन इंच, लागल्यावर उघडणारं मेकॅनिकल चालतंय. एक लक्षात ठेवायचं, काही तंबूंच्या खिडकीला बाण आरपार जाणारी जाळी असते, त्यातनं मेकॅनिकल मारलं तर जाळीतच उघडतंय, तिथं फिक्स पात्याचंच पाहिजे. नाहीतर जाळी खाली करून टाकायची. मान उडवायची मोठमोठी पाती मिळतात, व्हिडिओत भारी दिसतात, पहिल्या सीझनला त्याच्या नादाला लागू नका.

प्रॅक्टिस उभ्यानं करून उपयोग नाही. बसून करायची, त्याच स्टुलावर, तोच जाकीट घालून, हातमोजे घालून. टप्पा २० यार्ड. क्रिकेटचं पिच २२ यार्डाचं असतंय, म्हणजे एका स्टंपापासून दुसऱ्या क्रीजपर्यंत असं धर, त्याच्या पलीकडं नाही. तू ग्राउंडवर ४० यार्डाला टार्गेटचा मधला ठिपका मारतोस मान्य, पण टर्कीचं काळीज-फुफ्फुस मिळून एक मूठभर असतंय, तो सारखा हलतो आणि अर्धा पक्षी नुसती पिसं. टार्गेटवर मुठीएवढा कागद लावायचा आणि पहिला बाण कुठं बसला तेवढाच मोजायचा. दुसरा-तिसरा बाण चांगला बसतोच, पण तिकडं पहिलाच मिळतो.

सीझनच्या आधी दोन-तीन आठवडे जाऊन जागा बघायची. प्रायव्हेट जमीन असेल तर मालकाला जाऊन भेटायचं, सरळ बेल मारायची, आपल्याकडं शेतात पाय टाकायच्या आधी विचारतोस तसंच, फक्त तिकडं चहा मिळत नाही. पब्लिक लँड असेल तर नकाशा. जमिनीकडं बघून चालायचं. नराची विष्ठा इंग्रजी जे सारखी वाकडी लांबट, मादीची गोळा झालेली, हे एकदा कळलं की विसरत नाही. छातीचं पीस सापडलं तर टोक बघायचं, काळं टोक म्हणजे नर, पिवळट-तपकिरी म्हणजे मादी. धुळीच्या रस्त्यावर पावलांच्या दोन्ही बाजूंना पंख घासल्याच्या बारीक रेघा दिसल्या तर तिथं टॉम नाचलाय, छाती फुगवून, पंख जमिनीला टेकवून, आणि तो त्याच जागी परत येतो. रात्री हे झाडावर बसतात. संध्याकाळी उशिरा किंवा पहाटे जाऊन लांबून ऐकायचं, घुबडासारखा आवाज काढला नाहीतर कावळ्याचा कॉल मारला की झाडावरचा टॉम दचकून ओरडतो, गॉबल, लांबपर्यंत ऐकू येतंय. झाडाखाली जायचं नाही. कुठल्या दिशेला उतरतो तेवढं बघायचं आणि परत यायचं.

याची सवय इकडंच करता येते. मे महिन्यात येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायथ्याला नाहीतर काकतीकडच्या शिवारात पहाटे साडेपाचला जाऊन बांधाला पाठ लावून बस. मोर ओरडतात, पिसारा फुलवतात, लांडोरी चरत जवळ येतात. काय मारायचं नाही, काय पकडायचं नाही, फक्त तास दीड तास हलायचं नाही. डास चावला तरी हात उचलायचा नाही. कधी उचललास तर मोर कुठल्या क्षणी थांबून मान वर करतो ते बघ. टर्की पण तशीच मान वर करते, फक्त ती जास्त लवकर करते. पोरं पाच हजार रुपयाचं कॉल म्हणजे पक्ष्याचा आवाज काढायचं साधन घेतात पण वीस मिनिटं गप बसायला येत नाही. आमच्या भाच्याला नेलं होतं, त्यानं दहाव्या मिनिटाला मोबाईल काढला, त्याच्या मोबाईलच्या काचेवर ऊन चमकलं आणि सगळा कळप ज्वारीच्या ताटात गडप. तो म्हणाला मामा मी हललोच नाही. हलला अंगठा.

आता तंबू. पॉप-अप ब्लाइंड म्हणतात, छत्रीसारखा उघडतो. हरणाला नवीन तंबू दिसला तर ते आठवडाभर फिरकत नाही, टर्कीचं तसं नाही, आदल्या संध्याकाळी लावला तरी चालतंय, अंधारात पहाटे लावला तरी चालतंय, त्याला तंबू म्हणजे मोठा दगड. म्हणूनच धनुष्यवाल्या नवशिक्यानं तंबूशिवाय जायचंच नाही असं माझं मत आहे, झाडाला टेकून मारणारे आहेत, पण ते नंतर. रात्रीच्या झाडापासून शंभरेक यार्ड तरी लांब, उतरून चरायला येतात त्या माळाच्या कडेला लावायचा. खुंट्या सगळ्या ठोकायच्या, वारं आलं की कापड फडफडतंय आणि ते त्यांना आवडत नाही. आतली पानं, काटक्या पायानं बाजूला करून माती उघडी करायची, नाहीतर पाय हलवला की कुरकुर.

आत अंधार पाहिजे. समोरच्या एक-दोन खिडक्या उघड्या, मागच्या सगळ्या बंद, मागची उघडी राहिली की तुझी सावली पडद्यावर सिनेमा. अंगात कॅमो नको, काळा शर्ट, काळे हातमोजे, तोंडाला काळा मास्क. स्टूल मागच्या भिंतीकडं सरकवून, बाणाचं टोक खिडकीच्या बाहेर येता कामा नये. आणि बसल्या बसल्या धनुष्य ओढून एकदा बघायचं की बाण कुठनं जातोय. डोळ्याला धनुष्यावरच्या नेमाच्या पिनमधनं पक्षी दिसतो म्हणून पोरं सोडतात, पण बाण पिनच्या तीन-चार इंच खालनं जातो, तो खिडकीच्या कडेला आपटतो आणि कुठं जाईल नेम नाही. ही चूक जवळजवळ प्रत्येकाची होते, म्हणून आदल्या दिवशी बघायचं, पक्षी आल्यावर नाही.

आता डिकॉय. एक हेन आणि एक जेक, बस्स. बंदूकवाले २५ यार्डावर ठेवतात, आपण नाही. आपण दहा-बारा यार्डावर, कारण टॉम कधी कधी डिकॉयपासून पाच-सात यार्ड आधीच थांबतो, मग तरी तो टप्प्यातच राहतो. जेकचं तोंड तंबूकडं करायचं. हे का ते समजून घ्या, टॉम भांडायला येतो तो समोरासमोर येतो, जेकच्या डोळ्याला डोळा लावून उभा राहतो. जेक तुझ्याकडं बघतोय म्हणजे टॉम जेकच्या पुढं येऊन, तुझ्याकडं पाठ करून उभा राहणार, आणि शेपटीचा पंखा फुलवला की त्याचं डोकं पंख्याआड. तीच ती दोन-तीन सेकंदं. हेनचं तोंड कुठंही असलं तरी चालतंय, मी तंबूकडं पाठ करून ठेवतो, जेकच्या थोडी मागं. डिकॉय नेताना-आणताना पिशवीत घालायचे, उघडे खांद्यावर टाकून पब्लिक जंगलात फिरलास तर दुसऱ्या कुणाला ती खरी टर्की वाटेल.

ह्याच कारणानं अंगावर लाल, पांढरं, निळं काय नको, टॉमच्या डोक्याचे तेच तीन रंग. गॉबल ऐकू आला म्हणून त्या दिशेला रांगत जायचं नाही, तो आवाज दुसरा शिकारी काढत असू शकतो. शेपटीचा पंखा तोंडासमोर धरून पक्ष्याकडं सरकायची एक फॅशन आहे, त्याच्या जवळपास पण जायचं नाही. समोरनं कोण माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्यानं बोलायचं, मराठीत ओरडलास तरी चालेल, टर्की मराठी बोलत नाही हे त्यालाही माहीत आहे.

कॉल. बॉक्स कॉल सगळ्यात सोपा, लाकडी डबीवर झाकण घासायचं. स्लेट कॉल दुसरा, वाटीएवढ्या पाटीवर काडी पेनासारखी धरून छोटे छोटे लंबगोल काढायचे, काडीचं टोक पाटीवरनं उचलायचं नाही, उचललं की सूर तुटतो. पाटीवर हाताचं तेल लागलं की ती मुकी होते, म्हणून सँडपेपरचा तुकडा खिशात. तोंडात ठेवायचा डायफ्राम कॉल हात मोकळे ठेवतो आणि धनुष्यवाल्याला तोच खरा पाहिजे, पण सुरुवातीला उलटी आल्यासारखं होतंय, कारमध्ये ऑफिसला जाताना सराव करायचा, घरात केलास तर रूममेट घर सोडेल. शिकायचं काय तर यल्प म्हणजे साधी हाक, क्लक म्हणजे छोटा टक्, पर्र म्हणजे चरताना समाधानाची घुरघुर. पट् पट् असा तुटक आवाज तिकडनं आला तर समजायचं त्याला संशय आला.

आणि कमी वाजवायचं. त्यांच्यात रीत अशी आहे की नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडं चालत जाते. आपण मादीचा आवाज काढून नराला बोलवतो म्हणजे रीत उलटी करतो, म्हणून तो लांब उभा राहून ओरडत बसतो, तू ये, तू ये. तू जितकं वाजवशील तितका तो तिथंच थांबेल. त्यानं दोनदा उत्तर दिलं की गप बसायचं. पंधरा-वीस मिनिटं. गेली कुठं बघायला तो स्वतः येतो.

सकाळचा हिशोब असा. उजाडायच्या तासभर आधी तंबूत. टॉर्च लाल नाहीतर एकदम मंद. झाडावर तो ओरडायला लागला की एक-दोन हळू यल्प, इथं आहे एवढं सांगण्यापुरते. उजेड आला की पंखांचा फडफडाट होऊन खाली उतरतात. बऱ्याचदा तो माद्यांबरोबर दुसरीकडं जातो आणि पोरं साडेसातला सामान गुंडाळतात. बसून राहायचं. नऊ-दहाच्या सुमाराला माद्या अंड्यावर बसायला निघून जातात, टॉम एकटा पडतो, आणि तेव्हा जो येतो तो सरळ येतो. डबा न्यायचा. चपाती-चटणी गुंडाळून न्यायची, वेफर्सचं पाकीट नको, कुरकुरीचा आवाज. पाणी पण बाटलीतनं गटगट नको.

तो जवळ आला की आधी ऐकू येतो, दिसत नाही. छातीतनं एक घुमणारा आवाज येतो, ढोलावर लांबनं थाप पडल्यासारखा, कानापेक्षा पोटात जास्त कळतंय. हात धनुष्यावर तेव्हाच ठेवायचा, रिलीज, म्हणजे दोर धरून सोडायचं हातातलं यंत्र, दोराला लावून. तो जेकसमोर येईल, फुगेल, फिरेल, पंखा तुझ्याकडं झाला आणि डोकं आड गेलं की ओढायचं, एका दमात, हळू. ओढल्यावर लगेच सोडायचं नाही. फुगलेल्या टॉमवर बाण मारायचा मोह आवरायचा, पिसं इतकी फुगलेली असतात की त्याचं अंग नेमकं कुठं आहे ते नवीन माणसाला कळत नाही. तोंडातनं एक हळू क्लक काढायचा, तो फुगा सोडून मान वर करतो, अंग एकदम बारीक दिसतंय. आता नेम.

बाजूनं उभा असेल तर पायाची रेघ सरळ वर न्यायची, अंगाच्या मध्यापर्यंत, पंख जिथं अंगाला जोडलाय तिथं. तोंड तुझ्याकडं असेल तर दाढी जिथनं निघते त्याच्या किंचित वर. पाठ तुझ्याकडं आणि मान वर असेल तर पाठीच्या मधोमध, दोन पंखांच्या मध्ये. शंका आली तर जरा वर, खाली नाही. वर गेलेला बाण मणक्याला लागतो नाहीतर हुकतो. खाली गेलेला छातीचं मांस फाडतो आणि पक्षी उडून जाऊन झाडीत दोन दिवसांनी मरतो. दोन पक्षी एकामागं एक उभे असतील तर सोडायचं नाही. तिरका, अर्धा झाडाआड, चालता, नाही. धनुष्य हळू खाली घ्यायचं, त्याला जाऊ द्यायचं.

लागला तर तंबूतनं उडी मारून पळायचं नाही. लगेच दुसरा बाण लावायचा. तिथल्या तिथं पडला तर ठीक. पळाला किंवा उडाला तर शेवटचा कुठल्या झाडापाशी दिसला ते डोळ्यानं पक्कं धरायचं, कारण टर्कीचं रक्त पिसांतच मुरतंय, हरणासारखी रक्ताची वाट सापडेलच असं नाही. अर्धा-पाऊण तास थांबून मग झुडपं, पडलेल्या झाडांचे बुंधे, ओढ्याकाठची जाळी असं एक एक करून बघायचं, जखमी पक्षी अशा जागी डोकं खुपसून बसतो. सापडेपर्यंत शोधायचं, ऑफिसला दांडी पडली तरी. टॅग तिथंच लावायचा, त्या राज्याच्या नियमाप्रमाणं फोनवर नाहीतर ॲपवर कळवायचं, आणि गाडीपर्यंत आणताना भगव्या-नारंगी कापडात गुंडाळून आणायचं.

गोचीड राहिली. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, सगळा तो पट्टा वसंतात गोचिडीनं भरलेला असतो, लाइम रोग त्याच्यातनंच होतो, त्याचं नावच कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरनं पडलंय. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांना, बुटांना आदल्या दिवशी फवारून वाळवायचं, अंगाला नाही लावायचं, घरात मांजर असेल तर ओलं असताना लांब ठेवायचं. पँट मोज्यात खोचायची. घरी आल्यावर आंघोळ, काखा, गुडघ्यामागं, कानामागं हात फिरवून बघायचं. पुढच्या काही दिवसांत अंगावर लाल चट्टा पसरायला लागला नाहीतर ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचं सांगायचं, आपल्याकडनं गेलेल्या माणसाला ते सुचत नाही.

आता स्वयंपाक, कारण मागच्या वर्षी शहापूरच्या एका वहिनींचा फोन, भावजी ह्यानं तिकडं कसली तरी कोंबडी मारून आणलीया, आणि पोरगं व्हिडिओ कॉलवर ते धूड सिंकमध्ये घेऊन उभं. अख्खी भाजायच्या भानगडीत पडू नका, रानटी टर्कीला दुकानातल्यासारखी चरबी नसते, कोरडी होते. छातीचे दोन मोठे तुकडे सोलून काढायचे, आडवे पातळ काप करून दही, आलं-लसूण, हळद लावून रात्रभर ठेवायचे आणि जास्त न शिजवता सुकं करायचं, खोबरं भाजून. पाय वेगळे. रानटी टॉमच्या तंगडीतल्या शिरा हाडासारख्या टणक झालेल्या असतात, त्या तशाच चावायला गेलास तर दात जाईल, म्हणून तंगड्या मीठ-हळद घालून कुकरला तासभर मऊ होईपर्यंत ठेवायच्या, गार झाल्यावर हातानं मांस सोडवून त्या काड्या सगळ्या वेचून टाकायच्या, आणि त्याच पाण्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि घरनं नेलेली चटणी घालून रस्सा. तुकडे तोडताना पात्याचा एखादा तुकडा मांसात राहिलाय काय ते मात्र बोटानं चाचपून बघायचं, मेकॅनिकलची पाती हाडाला लागून तुटतात.